खडूवरची रेघ

केजहून धारूरकडे निघालं की शेवटच्या पंपाच्या पुढे डाव्या हाताला राधाकिशन मिस्त्रींचं पत्र्याचं शेड लागतं. शेडमागे दोन खोल्यांचं घर, मध्ये फरशीचं अंगण. पाटी होती ती एका वावटळीत उडाली आणि परत लावावी असं कुणाला वाटलं नाही. जुन्या डिझेल जीपचं हेड गेलं की जीप कळंबची असो की अंबाजोगाईची, दोराला बांधून इथेच येते.

हेड म्हणजे इंजिनावर बसणारा ओतीव लोखंडाचा जड ठोकळा. आत एका बाजूला डिझेलचा जाळ, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पोकळ्या आणि दोघांच्या मध्ये पातळशी भिंत. आमच्याकडचे ड्रायव्हर या भिंतीला जगू देत नाहीत. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओततात, त्याचा क्षार आतून चुन्यासारखा बसत जातो. थर्मोस्टॅट नावाची डबीएवढी वस्तू असते, इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी. ती पाण्याला उगीच आडवी येते म्हणून काढून फेकतात. गाडी तापली की थांबायचं नाही, समोर दिसेल त्या हॉटेलातून गार पाण्याची बादली आणून ओतायची. मग भिंतीला केसासारखा तडा जातो आणि जाळ पाण्यात शिरतो.

हा तडा शोधणं हीच मिस्त्रींची खरी विद्या. हेड सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुवायचं, सुकलं की संध्याकाळी ब्रशने डिझेल चोपडायचं आणि रात्रभर ठेवायचं. पूर्वी यासाठी रॉकेल असे, आता रॉकेल कुठे मिळतं. सकाळी हेड कोरड्या फडक्याने लखलखीत पुसायचं, त्यावर खडूच्या पुडीचं पातळ पाणी लावायचं आणि वाळू द्यायचं. तडा असेल तर त्यात मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मग रेघेच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि मधल्या जागेत आटे पाडलेल्या पिना एकीला एक चावून बसवत जायच्या. याला मिस्त्री टाके घालणं म्हणत.

खडू लावला की मिस्त्री अंघोळीला जात. हेड ओल्या केसांनी आणि निवांत डोळ्याने बघावं असं त्यांना तरुणपणी हैदराबादच्या उस्तादाने शिकवलं होतं. अंघोळ, देवपूजा, चहा. मग अंगणातल्या कट्ट्यावर वाकून ते रेघ बघत. त्या वेळी कुणी मागे उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. रेघ नसली तर एकच शब्द बोलत, पास. मिस्त्रींनी पास म्हटलेलं हेड पुन्हा कुणी तपासत नसे. तीस वर्षांत एकही परत आलं नव्हतं, आणि हे ते लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला सांगत.

तर हे राधाकिशन मिस्त्री सत्तावन्न वर्षांचे, नऊ वर्षांपासून साखरेच्या आजाराचे, तापट, आणि डॉक्टरने सांगितलेली डोळ्यांची तपासणी दर वर्षी पुढे ढकलणारे.

दिवाळीनंतर त्यांची बायको सत्यभामा उमापूरला गेली. मुलीचं, ऋतुजाचं, दुसरं बाळंतपण. ऋतुजाला सासू नाही, म्हणून सव्वा महिना आईनेच तिथे राहायचं ठरलं. सत्यभामा ब्लाउज शिवते, गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. निघताना तिने डबे दाखवले, गोळ्या दाखवल्या, आणि जीपमध्ये बसल्यावर पुन्हा उतरून येऊन म्हणाली, "या महिन्यात हेडं घेऊ नका. बाकीची कामं करा."

"कावून?"

"आराम करा जरा."

मिस्त्री हसले. आराम कर म्हणणारी ती बाई नव्हती, पण यामागे काय असेल याचा विचार करायची त्यांना सवय नव्हती.

त्या सव्वा महिन्यात दोन हेडं आली. पहिलं आबासाहेबांच्या जीपचं. आबासाहेब वाड्यावस्त्यांवरची बारा-तेरा पोरं केजच्या शाळेत आणून सोडतात. दुसरं सटवाच्या जीपचं, जी केज ते लिंबागणेश सीटा भरते. दोन्ही हेडांवर मिस्त्रींनी रीतीप्रमाणे डिझेल लावलं, खडू लावला, अंघोळ केली, पूजा केली आणि वाकून बघितलं. खडू कोरा होता. दोन्ही पास.

फोनवर त्यांनी सत्यभामेला हे कौतुकाने सांगितलं. लोक सुधारले म्हणाले, आता खाऱ्या पाण्याऐवजी कूलंट घालायला लागले. पलीकडे नात रडत होती. तिला थोपटत सत्यभामा म्हणाली की हेड एकदा जीवनला पण दाखवा. जीवन शेजारचा, रेडिएटर दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात रेडिएटर उघडून नळ्यांमधला क्षार सळईने काढतात आणि गळती डागतात. चांगला कारागीर, पण मिस्त्रींच्या लेखी रेडिएटरवाला म्हणजे भांडी घासणारा. त्याला कशाला दाखवू, असं म्हणून त्यांनी विषय बंद केला.

आठ दिवसांनी सटवाची जीप तापून परत आली. थंडीचे दिवस, सकाळी तोंडातून वाफ निघत होती आणि गाडी मात्र नेकनूरच्या पुढे जाईना. मिस्त्रींनी बोनेट उघडून बघितलं आणि सरळ जीवनच्या दुकानात गेले. चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्या समोर मिस्त्री म्हणाले, "जीवन्या, नळ्या साफ केल्यास का नुसतं फडकं मारलंस बे?"

जीवन चाळिशीचा माणूस, त्याची पोरगी कॉलेजात जाते. त्याने सांगितलं की रेडिएटर खालून-वरून मोकळा आहे, पाणी ओतून दाखवतो. गाडीचं पाणी कुठे गळत नाही तरी कमी होतं, म्हणजे आत जळतंय, हेड बघा. मिस्त्री म्हणाले, हेड मी बघितलेलं आहे. एवढंच. जीवनने सटवाच्या गाडीचा रेडिएटर पुन्हा काढला, पुन्हा साफ केला आणि त्या दिवसापासून मिस्त्रींच्या शेडमध्ये चहा पाठवायचं बंद केलं.

संकष्टीला लिंबागणेशला जायला गर्दी असते. सटवाने सकाळी अकरा माणसं भरली. चढावर जीप तापली. सटवा शहाणा ड्रायव्हर, त्याने गाडी बाजूला घेतली, माणसं उतरवली आणि इंजिन बंद करून अर्धा तास थांबला. पण आतली गोष्ट त्याला माहीत नव्हती. तड्यातून शिरलेला दाब रेडिएटरमध्ये कोंडून राहिला होता. त्याने झाकणावर फडकं टाकलं आणि पिळलं. झाकण उडालं, मागोमाग उकळतं पाणी पुरुषभर उसळलं आणि त्याच्या गळ्यापासून छातीपर्यंत आणि उजव्या हातावर पडलं. माणसांनी त्याला दुसऱ्या जीपमध्ये घालून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, तोंड वाचलं.

ही बातमी मिस्त्रींना फोनवर कळली तेव्हा ते पाना घेऊन बसले होते. पाना त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. सटवाची बायको संगीता फोनवर रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "मिस्त्री, तुमी पास केलती ना गाडी?"

जीप दोराला बांधून केजला आली ती जीवनच्या दारात. मिस्त्रींकडे आणली नाही. हेड जीवननेच उतरवलं. रेडिएटरवाल्याने हेड उतरवणं हे त्या रस्त्यावर पहिल्यांदा घडत होतं. पण चारचौघांत दोष त्याच्या नावावर टाकला गेला होता, आणि संगीताचा भाऊ रोज येऊन दारात उभा राहत होता. जीवनने रात्री डिझेल लावलं, सकाळी पुसलं, खडू लावला आणि आठ वाजता मिस्त्रींना बोलावणं पाठवलं.

मिस्त्री अंघोळ करून, केस ओले, तसे आले. त्यांना खात्री होती. खडूवर काही नसणार आणि हा जीवन सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार. दुकानाच्या दारात, उन्हात, लाकडी फळीवर हेड ठेवलं होतं. भोवती पाच-सहा ड्रायव्हर, संगीताचा भाऊ.

मिस्त्री वाकले. पांढरं दिसलं. डावीकडून उजवीकडे, व्हॉल्व्हच्या एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत त्यांनी नजर फिरवली. पांढरं.

"मग? कुठंय तडा?" ते सरळ होत म्हणाले.

भोवतालची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. संगीताचा भाऊ पुढे सरकला, त्याला एकाने धरलं. त्यांना वाटलं, म्हातारा डोळ्यांदेखत नाकारतोय.

जीवनने हात लांबवला आणि दोन गोलांच्या मधोमध बोट टेकवलं. "हितं हाय मिस्त्री. अंगठ्याएवढी रेघ हाय."

मिस्त्री पुन्हा वाकले. नाक खडूला लागेल इतके. जीवनचं बोट दिसलं, बोटाच्या नखातलं काळं दिसलं. बोट उचललं तेव्हा खाली नुसतं पांढरं. मध्ये थोडं धुकं असावं तसं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, लावला, बघितलं. डोकं तिरकं करून बघितलं. मग ते वाकलेलेच राहिले, कारण सरळ झालं की काहीतरी बोलावं लागणार होतं.

जीवनने ते ओळखलं. तो जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दिसत न्हाई का तुमाला?"

मिस्त्री सरळ झाले. ते चालत आपल्या अंगणात आले आणि कट्ट्यावर बसले. डोक्यात एकच गोष्ट बसत नव्हती. दिवाळीपर्यंत आपल्याला रेघा दिसत होत्या. ठळक, काळ्या. दसऱ्याच्या आधी तर एका हेडावर तीन होत्या. सव्वा महिन्यात माणसाचे डोळे असे जातात का?

त्यांनी सत्यभामेला फोन लावला. सटवाचं सगळं तिला माहीत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की जीवनच्या दारात हेड बघितलं, लोक म्हणतात रेघ आहे, मला नाही दिसली.

ती म्हणाली, "तुमाला दिसणार न्हाईच ती. तीन वर्सं झाली, मी काढत होते रेघ."

मिस्त्रींना वाटलं फोनमध्ये काहीतरी घोटाळा झाला. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ती सावकाश, एकही शब्द न गाळता सांगत गेली. तीन वर्षांमागे एका सकाळी त्यांनी एक हेड पास केलं. ती शेजारी कपडे धूत होती. तिला रेघ स्वच्छ दिसली, सुईत दोरा ओवणारी बाई ती. ती म्हणाली, आवो इथे ओल दिसतीय. तेव्हा ते तिच्या अंगावर ओरडले होते की आता बाईने मला हेड शिकवायचं का. ते आत गेल्यावर तिने निरांजनाची काजळी तेलात कालवली आणि काडीने त्या ओल्या रेघेवरून हात फिरवला. मग त्यांना हाक मारली की एकदा परत बघा. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, बघ, आत्ता वर आली, मी म्हणालो नव्हतो का थोडा वेळ लागतो. त्यानंतर प्रत्येक हेडाला, ते अंघोळीला गेले की, ती काडी घेऊन कट्ट्याशी जाई.

"सांगायचं न्हाई का मला?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"पर माझंबी चुकलं," ती म्हणाली. "जाताना सांगायला पायजे होतं. मी म्हणलं सव्वा महिना निघून जाईल. सटवाच्या अंगावरलं पाणी मी वतलंय आन तुमी वतलंय. मी निघते हितून."

तीस वर्षांचं नाव, त्यातली शेवटची तीन वर्षं बायकोच्या काडीने काढलेली. मिस्त्रींना राग यायला हवा होता, तो येईना. ते शेडमधल्या पत्र्यांकडे बघत बसले. पत्रा दिसत होता, खिळे नव्हते. खिळे कधीपासून दिसत नाहीत, हे त्यांना आठवेना. तेवढ्यात सत्यभामेने फोनवरच विचारलं, "आबासाहेबांची जीप कुठाय?"

ते उठले ते चप्पल न घालता. सकाळचे पावणेनऊ. आबासाहेब या वेळी पोरं घेऊन वाटेवर असतात, आणि गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, तेवढा एक नियम ते पाळतात. मिस्त्रींनी तीनदा लावला, तीनदा वाजून बंद झाला. मग ते जीवनच्या दारात गेले. मोटरसायकल त्यांना चालवता येत होती, पण आत्ता आपण ती हातात घेऊ नये, एवढं त्यांना कळलं होतं.

ज्या माणसाला त्यांनी चौघांत बे म्हणून हाक मारली होती, त्याच्यापुढे उभं राहून ते म्हणाले की आबासाहेबांचं हेड पण मीच बघितलंय. जीवनने किल्ली घेतली, मोटरसायकल काढली. मिस्त्री मागे बसले आणि त्यांनी जीवनच्या खांद्याला धरलं.

जीप ओढ्याच्या पुलापलीकडे भेटली. चालत होती, सुरळीत चालत होती. खिडक्यांतून पोरांचे हात बाहेर आले होते. जीवनने मोटरसायकल आडवी घातली. आबासाहेब खाली उतरले, त्यांना वाटलं घरी कुणी गेलं.

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि विचारलं, पाणी किती घेते.

आबासाहेब जरा ओशाळले. "रोज सकाळी दोन लिटर घालतो. घरून निघताना झाकण सैलच ठेवतो, न्हाईतर फुगतंय. तुमाला बोललो न्हाई, म्हणलं मिस्त्रीनं पास केलंय, आपलंच काई तरी चुकत आसंल."

ऐकून जीवनने डोळे मिटले. पुढच्या सीटवर, बोनेटच्या मागे लगेच, पहिली-दुसरीतल्या तीन मुली एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या.

तीस वर्षं मिस्त्रींचा एक शब्द ऐकून माणसं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडत होती. या माणसाच्या गाडीने रोज सकाळी त्याला सांगितलं होतं, आणि याने रोज सकाळी स्वतःला गप्प केलं होतं. कुणाच्या शब्दावर, तर ज्याला खिळे दिसत नाहीत त्याच्या.

"पोरं खाली उतरवा," ते म्हणाले. "हेड फुटलंय."

"तुमीच तर बघितलं होतं."

"मला दिसत न्हाई, आबासाहेब."

"काय दिसत न्हाई?"

"रेघ. कवाच दिसत न्हवती. बघितलं म्हणलो, पर दिसलं काईच न्हवतं. पास म्हणलो ते आंधळ्यावानी म्हणलो."

आबासाहेबांनी जीवनकडे बघितलं. जीवनने मान हलवली. पोरं खिडकीतून ऐकत होती. एक मुलगी दुसरीला म्हणाली की मिस्त्रीआजोबाला दिसत नाही, आणि हे वाक्य जीपच्या मागच्या फळीपर्यंत गेलं. संध्याकाळपर्यंत ते तेरा घरांत जाणार होतं, हे मिस्त्रींना कळत होतं. त्यांनी पुढे होऊन पुढचं दार उघडलं आणि त्या तीन मुलींना एकेक करून खाली घेतलं. दप्तरं जड होती. शाळा अजून दीड किलोमीटर. जीवनने पोरांना रस्त्याच्या कडेने रांगेत लावलं आणि पुढे चालायला लागला.

आबासाहेब जीपला टेकून उभे राहिले. चिडलेले होते, पण ओरडले नाहीत. ओरडायला काहीतरी कळावं लागतं, आणि त्यांना अजून पुरतं कळलेलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की आता हे हेड कुणाकडे न्यायचं. केजात दुसरं कोण आहे बघणारं?

मिस्त्री अनवाणी पायांनी डांबरावर उभे होते. ओले केस वाळून कपाळावर आले होते. बीडला आज सटवाकडे जायचं होतं, तिथे संगीतासमोर उभं राहून हेच पुन्हा म्हणायचं होतं, आणि त्याची भीती याहून मोठी होती.

"घरची बाई येतीय उमापूरहून," ते म्हणाले. "तिच्याकडं आणा. ती बघंल."

"काकू?"

"तीन वर्सं तीच बघतीय."